चिप काढली तरी चोर्ल्याच्या चढाला गाडी दम सोडते (टर्बो डिझेल)

साखळीकार_टर्बो:

नमस्कार मंडळी. आधी गुन्हा कबूल करतो, मग दुखणं सांगतो.

गाडी २०१६ ची सेडान. १२४८ सीसीचं टर्बो डिझेल, ९० पीएस, २०० एनएम, व्हीजीटी टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा, मिटत-उघडत्या पाकळ्यांचा पंखा), बीएस-४. रनिंग १ लाख १२ हजार. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिले दहा प्रतिसाद 'ही कंपनीच तसली' यावर जातात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. हे इंजिन एके काळी इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की ओळखणारे ओळखतीलच.

गुन्हा असा : चवथीच्या आधी ऑनलाइन एक परफॉर्मन्स चिप मागवली. चिप आपलं म्हणायला. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, उघडायचा नसतो. साबणाच्या वडीएवढी डबी येते, ती रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) आणि त्याच्या कनेक्टरच्या मध्ये जोडायची. डबीवर एक ते सात आकड्यांची खुंटी. कंपनीने चारवर लावून पाठवली होती, मी दुसऱ्याच दिवशी सहावर नेली. किंमत १४ हजार. घरी हा आकडा फक्त मला माहीत आहे, कृपया इथेच राहू द्या. जोडून दिली म्हापशाला एका ॲक्सेसरीवाल्याने, वीस मिनिटांत.

पहिला महिना काय सांगू! मी रोज साखळीहून वेर्ण्याला कामाला जातो. झुवारीचा पूल ओलांडून कुठ्ठाळीहून पठारावर चढताना जिथे तिसरा टाकावा लागायचा, तिथे गाडी चौथ्यात हसत हसत चढायची. डॅशबोर्डवर मायलेज २१ वरून २३. ऑफिसात दोघांना मागवायलाही सांगितली. देव करो आणि त्यांनी मागवली नसो.

मग दसऱ्याच्या सुमारास बायकोला माहेरी, बेळगावला सोडायला निघालो. आम्ही चौघं, डिकीत नारळ आणि सोलांची पिशवी. केरी सोडली, अंजुण्याचं धरण मागे पडलं आणि चोर्ला घाटाचा खरा चढ लागला तशी गाडीने 'फुस्स' केलं. आरशात बघतो तर मागे काळा ढग. इंजिनचा दिवा पेटला आणि त्यानंतर पाय कितीही दाबा, गाडी ढिम्म. बाजूला घेऊन बंद केली, दोन मिनिटांनी चालू केली, तर दिवा तसाच पण ताकद परत. पुढच्या चढाला पुन्हा तेच. घाट चढेपर्यंत असं चार वेळा झालं. शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये, मालवाहू टेम्पोच्या मागे, मान खाली घालून वर पोचलो.

आता रोजचं म्हणजे,
सपाटीवर हळू चालवली तर काही त्रास नाही. १५०० ते २००० आरपीएममध्ये गाडी पूर्वीपेक्षा मंद वाटते, टर्बो उशिरा जागा होतो. २२०० च्या वर पाय दाबला की शिट्टीसारखा आवाज, धूर आणि मग लिम्प मोड, म्हणजे ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो. कोड येतो पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय.

साहजिकच मी डबी काढली. फरक शून्य! हेच मला झोपू देत नाही. डबीमुळे झालं असेल तर डबी काढल्यावर जायला हवं ना?

एअर फिल्टर नवा, डिझेल फिल्टर नवा, दुसऱ्या पेट्रोल पंपावरचं डिझेल भरून पाहिलं, एअर मास सेन्सर स्प्रेने धुतला. एका गॅरेजने टर्बोच बदलायला सांगितला, खर्च ४५ हजार. आमचे बाबा २०१२ पर्यंत खाणीवर स्वतःचा टिपर चालवायचे. ते नुसते अंगणात उभे राहून ऐकतात आणि म्हणतात, "पायप फुटला रे तो. वारें भायर वता." पण त्यांच्या टिपरला ना सेन्सर होता ना ईसीयू. त्यांना हे कसं समजावू?

बार्देस९०:

टर्बो गेला पात्रांव. चिपने ओव्हरस्पीड होऊन शाफ्ट खलास. माझ्या मित्राचं हेच झालं. ४५ मध्ये मिळत असेल तर घालून मोकळा हो.

फोंडेकार_नोझल:

वरच्या सल्ल्यावर पैसे खर्चू नकोस, बाळा. मी फोंड्यात तीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलचं काम करतोय. टर्बो खरंच गेला असता तर इंजिन तेल पिऊ लागलं असतं, धूर निळसर असता आणि बंद करून चालू केल्यावर ताकद परत आली नसती. मोडलेली वस्तू दोन मिनिटं विश्रांती घेऊन बरी होत नाही. तुझ्याकडे ताकद परत येते, कारण ईसीयूने घातलेलं बंधन किल्ली फिरवल्यावर सुटतं आणि हवा पुन्हा कमी पडेपर्यंत गाडी नीट चालते.

आधी डबी काय करते ते समजून घे, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. रेल प्रेशर सेन्सर दाबाप्रमाणे ईसीयूला व्होल्टेज पाठवतो, साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत. डबी मध्ये बसून तो आकडा थोडा खाली ओढते. रेलमध्ये खरंतर दाब पुरेसा आहे, पण ईसीयूला वाटतं कमी आहे, म्हणून तो वाढवतो. इंजेक्टर पूर्वीइतकाच वेळ उघडतो, पण दाब जास्त म्हणून डिझेल जास्त पडतं. बस, एवढीच जादू. हवेला कोणी काही विचारलेलं नाही. जास्त डिझेल आणि तेवढीच हवा म्हणजे काळा धूर आणि तापलेला एक्झॉस्ट.

आणि तुझं २१ चं २३ मायलेज. ते डॅशबोर्ड ईसीयूच्या हिशोबावर दाखवतो. ईसीयूला वाटतं दाब कमी, म्हणजे डिझेल कमी पडलं. प्रत्यक्षात जास्त पडलंय. खोट्या वजनकाट्यावर वजन उतरल्यासारखं आहे हे. टाकी काठोकाठ भर, चारशे किलोमीटर चालव, परत काठोकाठ भर आणि भागाकार कर. हसशील स्वतःलाच.

ह्याच कारणाने डबी जोडलेली असताना स्कॅनरवर रेल प्रेशर बघून निदान करू नये. स्कॅनर तेच वाचतो जे ईसीयूला सांगितलेलं असतं.

आता मुद्द्याचं. तुला दोन वेगळी दुखणी आहेत असं मला वाटतं. २२०० च्या वर शिट्टी आणि धूर, ही एक. खालच्या आरपीएमला सुस्ती, ही दुसरी. पहिल्यासाठी तुझ्या बाबांचं ऐक. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) रबरी पाइप नऊ वर्षांचा झाला. आत तेलाची वाफ, बाहेर इंजिनची धग, रबर फुगून मऊ होतो. चीर बहुधा खालच्या बाजूला असते आणि इंजिन आयडलवर असताना ओठ मिटलेले असतात, दिसतच नाही. दाब चढला की उघडते. गॅरेजवाला बॉनेट उघडून नुसती रेस मारून बघतो, त्याला काही सापडत नाही आणि मग तो टर्बोवर बोट ठेवतो.

दुसऱ्यासाठी एक प्रश्न विचारतो, नीट उत्तर दे. "डबी काढली" म्हणजे नक्की काय काढलं? नुसती डबी काढून वायरिंगला तो बायपासचा (डबीशिवाय सर्किट जोडणारा) प्लग लावलास, की पूर्ण हार्नेस, म्हणजे डबीचं सगळं वायरिंग, काढून मूळ कनेक्टर सेन्सरला परत जोडलास?

दरम्यान हे करून ठेव. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा छोटा रीडर) असेल तर मोबाइलवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा, आकडा बघ. किल्ली ऑन, इंजिन बंद. साखळीत तो १०० किलोपास्कलच्या आसपास हवा, कारण ती बाहेरचीच हवा आहे. चोर्ल्याच्या माथ्यावर तोच ९२ च्या जवळ दिसेल, उंची साधारण ८०० मीटर, तिथे हवा विरळ. तो आकडा बरोबर असेल तर सेन्सरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मग रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ला पूर्ण पाय दाबून बघ. शेजारी कोणाला तरी बसव, स्वतः मोबाइल बघत चालवू नकोस. दोनशेच्या वर जायला हवा.

तेव्हाच क्लचही तपास. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही असं असेल तर क्लच घसरतोय. ह्या डब्यांनी तो लवकर जातो.

तिसवाडीचा_वकील:

तांत्रिक भाग फोंडेकार सांगतीलच, मी दोनच ओळी टाकतो. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीशिवाय गाडीत फेरबदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ (४) खाली गाडीमालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षाही विम्याचं बघा. फेरबदल कळवलेला नसेल आणि अपघात झाला तर क्लेमच्या वेळी सर्व्हेयर बॉनेट उघडतो, आणि ती डबी काही अदृश्य नसते.

बार्देस९०:

वकीलसाहेब, मग म्हापशातल्या निम्म्या बुलेट जप्त कराव्या लागतील 😀

साखळीकार_टर्बो:

फोंडेकार काका, तुमचा प्रश्न वाचून मी रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन बॉनेट उघडलं. होय. नुसती डबी काढली होती. हार्नेस तसाच आहे, टोकाला बायपास प्लग. ॲक्सेसरीवाला म्हणाला होता, "विकायची झाली तर एवढंच काढा, बाकी राहू दे." मी त्यालाच काढणं समजून बसलो होतो.

आकडे असे. किल्ली ऑन, इंजिन बंद : १०१. आयडल : १०१–१०२. डिचोलीच्या बगलरस्त्यावर सकाळी सहाला तिसऱ्या गिअरमध्ये, शेजारी चुलतभाऊ मोबाइल घेऊन : चढत चढत १७६ पर्यंत गेला, मग शिट्टी, आणि पाय तसाच असताना १४८ वर घसरला. चुलतभाऊ ओरडला, "अरे, उतरता उतरता!" त्याला वाटलं त्याच्या हातून काहीतरी बिघडलं. क्लच ठीक आहे, आरपीएम आणि वेग बरोबर चढतात.

फोंडेकार_नोझल:

झालं मग. दाब बनतोय, टिकत नाही. टर्बोला दोष नाही.

आता हे दोन कर. एक, कोणाला तरी स्टार्टर मारायला सांग आणि तू टर्बोच्या बाजूची दांडी बघ. थाळीसारखं जे ॲक्च्युएटर आहे त्यातून ती बाहेर येते. इंजिन चालू होताच व्हॅक्यूमने ती एका झटक्यात पूर्ण आत ओढली गेली पाहिजे आणि बंद केल्यावर परत बाहेर यायला हवी. व्हीजीटीच्या पाकळ्या त्या दांडीवर चालतात. दांडी आत म्हणजे पाकळ्या मिटलेल्या, त्यामुळे कमी आरपीएमलाही टर्बो जोरात फिरतो. व्हॅक्यूम कमी पडला तर पाकळ्या अर्धवट उघड्या राहतात आणि तुला खालून जी सुस्ती जाणवते ती हीच. सोलेनॉइडपासून (व्हॅक्यूम सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) ॲक्च्युएटरपर्यंत जी बारीक रबरी नळी जाते ती पूर्ण लांबीभर बोटांनी चाचपून बघ. पावसाळ्यात उंदीरही कुरतडतात.

दोन, पाइपला हवा भरून चाचणी घे. फिल्टरच्या डब्यापासून टर्बोकडे जाणारा पाइप सोड. त्याच्या तोंडाला बसेल अशी पीव्हीसीची एन्ड कॅप आण, मध्ये भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसव, क्लॅम्पने आवळ. इंजिन ऑइलचं झाकण ढिलं ठेव. मग पंक्चरवाल्याकडे जाऊन हळूहळू हवा भर. दहा-बारा पीएसआय पुरे, त्याला टायरसारखी तीस भरू देऊ नकोस. सगळ्या जोडांवर आणि पाइपच्या पोटाखाली साबणाचं पाणी. फुगे आले की दुखणं सापडलं.

हार्नेस पूर्ण काढ. केबल टायसकट.

साखळीकार_टर्बो:

थोडा वेळ गेला, कारण रविवार मिळत नव्हता. आता सविस्तर लिहितो, कदाचित कोणाला उपयोगी पडेल.

आधी दांडी. बाबांना स्टार्टर मारायला बसवलं. दांडी हलली, पण अर्धीच, आणि आळशासारखी. नळी चाचपत गेलो तर बॅटरीच्या मागे सापडलं. ॲक्सेसरीवाल्याने डबीचं वायरिंग लोंबू नये म्हणून केबल टायने बांधलं होतं, आणि कशाला बांधलं होतं? त्या व्हॅक्यूमच्या नळीला! टाय इतका करकचून आवळलेला की नळीचा गळाच दाबला गेला होता. टाय कापला तर नळी तिथेच तडकलेली. वीस मिनिटांचं काम आणि त्यात हे. माझी चूक अशी की मी ते वीस मिनिटं समोरच्या गाड्यावर भाजीपाव खात होतो.

म्हणजे सुस्ती डबीमुळे आलेली नव्हती, ती डबी बांधण्यामुळे आलेली. डबी काढूनही का गेली नाही, तेही कळलं. टाय तिथेच होता.

मग पाइप. एन्ड कॅप साखळीच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. दुकानदाराने विचारलं, "टाकीला काय?" मी म्हटलं, "गाडीला." पुढे त्याने काही विचारलं नाही. पंक्चरवाल्याने मात्र हवा भरायला स्पष्ट नकार दिला. चाक नाही, ट्यूब नाही आणि इंजिनात हवा भर म्हणतो हा. बाबांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, मग तयार झाला. काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही.

आठ पीएसआयला आवाज आला. साबणाचं पाणी मारायचीही गरज पडली नाही. इंटरकूलरकडून थ्रॉटल बॉडीकडे येणारा पाइप, वळणाच्या पोटाखाली, क्लॅम्पपासून चार बोटांवर दीड इंचाची चीर. हवा सोडली की पूर्ण मिटते. मी त्या पाइपवरून वरून तीन वेळा हात फिरवला होता. बाबांनी खालून हात घातला, तेलाने काळी झालेली बोटं माझ्या फडक्याला पुसली आणि पंक्चरवाल्याच्या बाकावर जाऊन पेपर वाचत बसले. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नवा पाइप १,९०० रुपये, दोन चांगले क्लॅम्प, एक मीटर व्हॅक्यूमची नळी, सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. बसवलं घरीच, अंगणात. पूर्ण हार्नेस काढला, मूळ कनेक्टर साफ करून सेन्सरला 'टक' आवाज येईपर्यंत दाबून बसवला. कोड पुसला.

आकडा : तिसरा गिअर, २५०० आरपीएम, २१६, आणि तिथेच टिकला. चुलतभाऊ ह्या वेळी गप्प होता.

काल पुन्हा चौघं, पुन्हा नारळ, केरी ते कणकुंबी. एकदाही दिवा नाही, धूर नाही. गाडी डबीच्या पहिल्या महिन्याइतकी हसत नाही, हे खरं. पण मला आता शंका येते की त्या महिन्यात चौथा गिअर मी थोडा जास्तच कौतुकाने टाकत होतो.

टाकी ते टाकीही मोजलं काका. डबीशिवाय १९.४. डबी असताना खरं किती होतं ते आता कळायचा मार्ग नाही आणि ते बरंच आहे.

देव बरें करूं, सगळ्यांचं.

फोंडेकार_नोझल:

छान केलंस. एक राहिलं. इतके दिवस काळा धूर ओकलाय, तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) आणि इनटेकमध्ये काजळी बसली असणार. पुढच्या सर्व्हिसला ईजीआर उघडून साफ करून घे. आणि ऑइल लगेच बदल, सर्व्हिसची वाट बघू नकोस.

डबीने पाइप फाडला असं मी म्हणणार नाही. तो जायच्याच वयाचा होता, एखाद्या वर्षाने आपणहून गेला असता. पण सहा नंबरवर चालवून तू त्याला घाई केलीस.

ज्यांच्याकडे बीएस-६ डिझेल आहे त्यांनी हे वाचून डबीचा विचारही करू नये. जास्तीची काजळी सरळ डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळीच्या फिल्टरमध्ये, जाऊन बसते, आणि डीपीएफचं बिल ऐकलं की ४५ हजारांचा टर्बो स्वस्त वाटतो.

बार्देस९०:

मी टर्बो सांगितला होता, माफी असावी. मित्राचा मात्र खरंच गेला होता.

बाय द वे, डबी विकायची आहे का? किती?

साखळीकार_टर्बो:

नाही रे. परवा बाबांना ती कपाटात सापडली. "हें कितें?" म्हणाले. मी घाईत सांगितलं, वायफायचं आहे. त्यांनी ती टीव्हीच्या मागे नेऊन ठेवलीय, आणि आता नेट चांगलं चालतंय म्हणतात.